घोड्याच्या पोटाखालचे चार ठिपके

चिनी न येणाऱ्या माणसाला एखाद्या खेळाची चिनी भाषेतली कार्डं जमवायची असतील तर पहिला धडा घोड्याचा. पारंपरिक चिनी लिपीत घोड्याच्या अक्षराला दहा फटकारे लागतात आणि त्याच्या पोटाखाली चार ठिपके असतात. ते पाय समजायचे. मुख्यभूमी चीनमध्ये 1956 पासून अक्षरं सोपी करायची मोहीम निघाली, त्यात हे चारही पाय गेले आणि त्यांच्या जागी एक आडवी रेघ आली. तीन फटकाऱ्यांत घोडा संपतो. तैवान आणि हाँगकाँगमध्ये मात्र तो अजून चार पायांवर उभा आहे.

हा फरक इथे उपयोगी पडतो, कारण ज्या संचाबद्दल हे लिहितोय त्यातल्या कितीतरी कार्डांवर घोडा छापलेला आहे. चित्रात तर आहेच, पण मजकुरातही आहे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाचा ‘पोर्टल थ्री किंग्डम्स’ हा संच 1999 सालचा. 180 कार्डांचा, पांढऱ्या किनारीचा, नवख्यांसाठी काढलेला. तो सरलीकृत चिनी, पारंपरिक चिनी, जपानी आणि इंग्रजी अशा चार रूपांत छापला गेला. विषय चिनी, चित्रकार बहुतेक चिनी, गिऱ्हाईक आशियातलं. इंग्रजी आवृत्ती छोटी होती आणि तीही आशिया-पॅसिफिककडचीच.

आजचा बाजार मात्र उलटा आहे. एकाच कार्डाच्या इंग्रजी प्रतीला सर्वांत जास्त भाव आणि चिनी प्रतीला साधारणपणे सर्वांत कमी. जिथं पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणून सोडून देता येईल. पण हे असं का झालं ते शोधत गेलं की संग्राहकाला उपयोगी पडेल असं बरंच काही हाती लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: या संचाची किंमत ज्यांनी ठरवली त्यांना चिनी वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनी पाकिटं फोडली, खेळले आणि कागद टाकून दिले. खरी दुर्मिळता त्या टाकलेल्या कागदात आहे.

संच आला कसा

रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकानं रचलेला ‘मॅजिक’ 1993 साली अमेरिकेत आला. प्रत्येकानं आपापली कार्डं विकत घ्यायची, त्यातून आपला डेक म्हणजे खेळायचा गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी लढायचं, अशी त्याची रीत. चिनी भाषेत हा खेळ त्याच्या मूळ संचाच्या चौथ्या आवृत्तीपासून आला, तो आधी पारंपरिक लिपीत. त्या लिपीच्या बाजारात त्याचं नाव ‘मो-फा फंग-युन-हुई’. यात जादू आहे, वारा आणि ढग आहेत आणि मेळावाही आहे. वारा-ढग ही जोडी चिनीत धामधुमीच्या काळासाठी वापरतात. मुख्यभूमीवरचं नाव ‘वान-जी-पाय’, म्हणजे शब्दशः दहा हजार बुद्धींची पानं. एकाच खेळाची ही दोन नावं लक्षात ठेवावीत, कारण शोधताना एकच नाव वापरलं तर अर्धा माल नजरेतून सुटतो.

खेळ काढणाऱ्या कंपनीची अडचण अशी होती की खेळाचे नियम नवख्याला दमवायचे. म्हणून 1997 साली ‘पोर्टल’ नावाची सोपी मालिका निघाली आणि 1998 साली तिचा दुसरा भाग आला. या मालिकेत फक्त प्राणी-योद्धे, बाकीच्या कार्डांचा खर्च भागवणाऱ्या जमिनी आणि आपल्या पाळीत खेळायचे मंत्र. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत मध्येच घुसणारे मंत्र नाहीत, वस्तू नाहीत, मांडून ठेवायच्या मोहिनी नाहीत. सराईत खेळाडूंनी नाकं मुरडली, कारण ही कार्डं अधिकृत स्पर्धांमध्ये चालत नव्हती. पोरांचा खेळ म्हणून ती बाजूला पडली. 1999 साली आलेला तिसरा भाग म्हणजे आपला ‘थ्री किंग्डम्स’.

कार्डांवर काय आहे

इथे जरा थांबतो, कारण संच जमवणाऱ्या बऱ्याच जणांनी हा भाग वाचलेलाच नसतो.

हान साम्राज्य कोसळल्यावर वेई, शू आणि वू या तीन राज्यांत चीन वाटला गेला. इतिहासात हा काळ इ.स. 220 ते 280 असा धरतात. त्यावरची मोठी कादंबरी चौदाव्या शतकातली, लुओ ग्वानचोंगच्या नावावर असलेली. आपल्याकडे महाभारतातली पात्रं जशी बोलण्यात सहज येतात तशी तिथे या कादंबरीतली येतात. संचातले तयार डेकही तीनच होते: वेईचा, शूचा आणि वूचा.

खेळाची अंगं आणि गोष्ट किती नेमकी जुळवली आहेत ते बघा. कादंबरीत चूग ल्यांगला, म्हणजेच कोंगमिंग या शूच्या मुत्सद्द्याला, दहा दिवसांत एक लाख बाण आणून द्यायला सांगतात आणि तो तीनच दिवसांत देतो म्हणतो. तो धुक्यात गवताचे भारे लावलेल्या नावा शत्रूच्या तळाजवळ नेतो आणि ढोल वाजवतो. घाबरलेला शत्रू बाण सोडत राहतो, ते सगळे भाऱ्यांत रुततात आणि हा मोळ्या बांधून घरी येतो. ‘एक लाख बाण उसने’ या कार्डाचा परिणाम असा: प्रतिस्पर्ध्याची जितकी योद्ध्यांची कार्डं वापरून झाल्याची खूण म्हणून आडवी फिरवलेली असतील तितकी कार्डं तुम्ही ओढायची. शत्रूनं आपली शक्ती खर्च केली की तीच तुमची भरती. गोष्ट आणि हिशेब एकाच वाक्यात बसवणारं याहून सरस कार्ड मला तरी माहीत नाही.

पीचच्या बागेत लिऊ बे, ग्वान यू आणि चांग फे हे तीन वीर एकमेकांचे भाऊ होण्याची शपथ घेतात. त्या शपथेच्या कार्डावर तुमच्या प्रत्येक योद्ध्यामागे दोन आयुष्य-गुण मिळतात; हे गुण संपले की खेळाडू हरतो. माणसं जितकी तितकं बळ. कोंगमिंगचं स्वतःचं कार्ड तुमच्या बाकी सगळ्यांना थोडं थोडं बळकट करतं; तो स्वतः तलवार घेऊन धावत नाही. शाही मुद्रेच्या कार्डामागे लुओयांगच्या विहिरीत सुन च्यान या सेनानीला सापडलेली जेडची मुद्रा आहे. ती हाती आली की सिंहासनाची लालसा जागी होते. कार्डाची किंमत दोन आयुष्य-गुण, आणि बदल्यात गठ्ठ्यातलं हवं ते पान शोधून वर ठेवता येतं.

आणि घोडेस्वारी. ‘मॅजिक’मध्ये उडणाऱ्या प्राण्याला उडणारा किंवा खास तयारीचा प्राणीच अडवू शकतो. तीन राज्यांच्या गोष्टीत उडणारं कोण आणायचं? म्हणून उडण्याची जागा घोड्याला दिली. घोडेस्वाराला फक्त घोडेस्वारच अडवू शकतो. नवखा खेळाडू फक्त याच संचातली कार्डं खेळत असेल तर दोन्ही बाजूंना घोडे असतात आणि डाव बरोबरीचा राहतो. पण हा गुण इतर संचांत जवळजवळ नाहीच. त्यामुळे इथला घोडेस्वार दुसऱ्या कुठल्याही डेकसमोर उभा केला की त्याला अडवायला कोणी नसतं. रचणाऱ्यांच्या डोक्यात हे नसावं. मुलांसाठीच्या संचात कोण इतका पुढचा विचार करतो?

भाव का वाढले

सहा वर्षं हा संच पडून होता. मग ऑक्टोबर 2005 मध्ये पोर्टल मालिकेतली कार्डं जुन्या कार्डांच्या दोन्ही अधिकृत स्पर्धा-प्रकारांत, म्हणजे व्हिंटेज आणि लेगसीत, चालू झाली. छापून झालेल्या कागदाचं मोल एका नियमानं रातोरात बदललं. शाही मुद्रा तर इतकी ताकदवान ठरली की लेगसीत तिच्यावर बंदी आली आणि व्हिंटेजमध्ये डेकमागे एकच प्रत ठेवायची मुभा राहिली. दोन किंवा त्याहून कमी ताकदीचा योद्धा गठ्ठ्यातून शोधून देणारं ‘इम्पीरियल रिक्रूटर’ म्हणजे सैन्यभरती अधिकाऱ्याचं कार्ड लेगसीच्या डेकांत गेलं आणि त्याचा भाव चढत राहिला.

दुसरा धक्का कमांडर या प्रकारानं दिला. शंभर कार्डांचा डेक, साध्या मूळ जमिनी सोडल्या तर प्रत्येक कार्डाची एकच प्रत, आणि एक नामवंत (लेजंडरी) योद्धा सेनापती. कंपनीनं 2011 साली यासाठी तयार डेक काढले आणि हा प्रकार घराघरांत गेला. इथे ‘थ्री किंग्डम्स’चं एक वैशिष्ट्य अचानक महाग झालं. हा संच नवख्यांसाठी असल्यामुळे रचणाऱ्यांनी जुन्या कार्डांचे परिणाम जसेच्या तसे उचलून त्यांना कादंबरीतली नावं दिली होती. सगळ्या जमिनी उद्ध्वस्त करणाऱ्या ‘आर्मगेडन’चा जुळा भाऊ इथे ‘रॅव्हेजेस ऑफ वॉर’ म्हणून भेटतो. जंगलाची जमीन शोधून मांडणाऱ्या जुन्या हिरव्या मंत्राला इथे ‘तीन भेटी’ म्हणतात. लिऊ बे कोंगमिंगच्या झोपडीवर तीनदा गेला त्या प्रसंगावरून हे नाव. ज्या प्रकारात एका नावाचं एकच कार्ड चालतं तिथे तोच परिणाम दुसऱ्या नावानं मिळाला तर दुसरी प्रतच मिळाल्यासारखं. शिवाय नामवंत योद्ध्यांची संचात रेलचेल, आणि सेनापती लागतो तो नामवंतच.

चिनी मुलाला ‘तीन भेटी’ वाचताच झोपडीबाहेर हात जोडून उभा राहिलेला लिऊ बे दिसतो. त्या प्रसंगावरून चिनीत चार अक्षरांचा वाक्प्रचारही रूढ आहे. गुणी माणसाला मनधरणी करून बोलवायचं असेल तर वापरतात. विकत घेणाऱ्या अमेरिकन खेळाडूला दिसते ती जंगलाची जमीन. दोघंही बरोबर आहेत, पण भाव दुसऱ्यानं ठरवला.

मग चिनी प्रत स्वस्त का

‘मॅजिक’च्या सगळ्या भाषांतल्या कार्डांची पाठ एकच असते. पुढचा मजकूर चिनी असो की इंग्रजी, उलटं ठेवलं की फरक कळत नाही, आणि स्पर्धेत कुठल्याही भाषेचं अस्सल कार्ड चालतं. त्यामुळे ज्याला फक्त खेळायचं आहे तो सर्वांत स्वस्त प्रत शोधतो आणि ती चिनी निघते. ज्याला समोरच्यानं कार्ड वाचावं असं वाटतं, किंवा स्वतःलाच वाचायचं असतं, तो इंग्रजीसाठी जास्त मोजतो. इंग्रजी प्रती मुळात कमी, त्यामुळे तो फरक आणखी रुंदावतो.

चिनी मजकुराला आणखी एका ठिकाणी दुय्यम व्हावं लागलं. स्पर्धेत कार्डाचा अंतिम अर्थ छापील शब्दांवर ठरत नाही. कंपनी प्रत्येक कार्डाचा अद्ययावत इंग्रजी मजकूर ठेवते आणि तोच प्रमाण. पोर्टलच्या काही मंत्रांचा तर प्रकारच नंतर बदलला: लढाईच्या मध्ये खेळायची मुभा असलेले मंत्र छापताना साध्या मंत्रांत गणले होते, ते पुढे झटपट मंत्रांत गेले. म्हणजे 1999 च्या चिनी कार्डावर जे लिहिलं आहे ते काही ठिकाणी आता लागूच नाही. खेळाडूच्या दृष्टीनं हा दोष. संग्राहकानं मात्र तोच शब्द जपून ठेवावा, कारण खेळ नवख्या चिनी मुलाला पहिल्यांदा कसा सांगितला होता ते तिथेच दिसतं.

पुढे पुनर्मुद्रणं आली. भरती अधिकाऱ्याचं कार्ड 2013 साली पंचांना द्यायच्या खास प्रतींत आलं आणि 2018 साली ‘मास्टर्स 25’ या संचात सर्वांसाठी छापलं गेलं. ‘तीन भेटी’ 2020 च्या ‘कमांडर लेजंड्स’मध्ये, शाही मुद्रा ‘डबल मास्टर्स 2022’मध्ये. प्रत्येक वेळी खेळाडू नव्या प्रतीकडे वळले आणि जुन्या प्रतीमागे उरले ते संग्राहक. चिनी प्रतीला याचा फटका जास्त: स्वस्तात खेळता येतं हाच तिचा मोठा गुण होता, तो गेला. चिनी प्रत चिनी म्हणून हवी असलेल्यासाठी मात्र हीच खरेदीची वेळ. गर्दी पांगली की दुकानदार बोलायला मोकळा असतो.

ओळखायचं कसं

आता परत घोड्याकडे. जुन्या कार्डांची मिश्र पाकिटं ‘आशियाई भाषा’ एवढ्याच शीर्षकाखाली विकायला येतात. विकणाऱ्याला स्वतःलाच भाषा ठाऊक नसते. घोडेस्वाराचं कार्ड घ्या आणि मजकुरातलं घोड्याचं अक्षर शोधा. खाली आडवी रेघ असेल तर प्रत सरलीकृत चिनी, विषय संपला. चार ठिपके असतील तर घाई करू नका, कारण जपानीतही घोडा चार ठिपक्यांचाच असतो. अशा वेळी आजूबाजूची अक्षरं बघावीत. चिनी अक्षरांच्या मधूनमधून गोलसर, मोकळी, थोड्याच फटकाऱ्यांची अक्षरं विखुरलेली दिसली तर ती जपानी काना लिपी. सगळा मजकूर घट्ट चौकोनी ठशांचा असेल तर प्रत पारंपरिक चिनी.

‘राज्य’ या अर्थाचं अक्षर उलट्या बाजूनं मदत करतं. सरलीकृत आणि जपानी दोन्हींत ते सारखंच लिहितात, पारंपरिकमध्ये चौकटीच्या आत जास्त गर्दी असते. घोडा आणि राज्य, ही दोन अक्षरं मिळाली की तिन्ही आवृत्त्या वेगळ्या काढता येतात. पाठ करायला पाच मिनिटं पुरतात.

अस्सलपणाची परीक्षा वेगळी. महागड्या कार्डांच्या नकला होतात, आणि स्वस्त भाषेत कोण नक्कल करेल या भरवशावर राहू नये. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. अस्सल कार्डावर चित्राचे रंग ठिपक्यांच्या फुलासारख्या नक्षीत बसलेले दिसतात आणि काळी अक्षरं सलग, कडक कडांची असतात. नकलेत बहुधा अक्षरंही ठिपक्यांतूनच उमटलेली असतात. अस्सल पुठ्ठ्याच्या पोटात निळसर थर असतो. त्यासाठी कार्ड फाडून बघायची गरज नाही, त्याच काळातलं एखादं फालतू कार्ड शेजारी धरून दोन्हींमधून उजेड कसा येतो ते बघावं. चमकीची म्हणजे फॉइल प्रत कोणी या संचाच्या पाकिटातली म्हणून दाखवली तर सरळ नमस्कार करून निघावं. पाकिटांत फॉइल नव्हतीच.

पांढऱ्या किनारीचा एक फायदा आहे. काळ्या किनारीवर झिजलेली कड पांढरी पडून लगेच ओरडते, इथे ती लपते. तोटा असा की पिवळेपणा आणि बोटांचा मळ लपत नाही. दमट हवेच्या गावात राहणाऱ्यानं सिलिका जेलच्या पुड्यांवर थोडा खर्च करावा.

जे कोणी ठेवलं नाही

कार्डं शेवटी सापडतातच. कोणाच्या तरी खोक्यात असतात. सापडत नाही तो भोवतालचा कागद: दहा कार्डांच्या पाकिटाची वेष्टनं, तयार डेकचे पुठ्ठ्याचे डबे, खेळ शिकवणाऱ्या पुस्तिका, दुकानात लावायची भित्तिपत्रकं. नवख्यांसाठीच्या मालाचा खरा ग्रंथ म्हणजे ती पुस्तिका. शेकडो नियमांचा खेळ चिनी मुलाला कुठल्या शब्दांत समजावला, पाळी, हल्ला, अडवणं यांना काय म्हटलं, हे तिच्यात असतं. आणि नियम कळले की पहिली टाकून दिली जाते ती तीच.

आपल्याकडे जुने दिवाळी अंक जमवणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे. कथा-कवितांची पानं लोकांनी बांधून ठेवली आणि जाहिरातींची फाडून टाकली. आज त्या काळचा साबण आणि घड्याळं शोधणारा अभ्यासक नेमकी तीच पानं मागतो.

म्हणून दोन्ही लिप्यांचे पूर्ण संच, म्हणजे 360 कार्डं, हे ध्येय मला अपुरं वाटतं. त्या पैशांत एकाच लिपीचा संच घ्यावा आणि उरलेल्यात मिळेल तो कागद: फोडलेली वेष्टनं, रिकामे डबे, घड्या पडलेल्या पुस्तिका. सीलबंद पाकीट मिळालं तर फोडू नये. आतल्या दहा कार्डांत मोठं घबाड निघण्याची शक्यता कमी, आणि फोडल्यावर उरतं ते वेष्टन, तेही फाटलेलं. विकणाऱ्याला पुस्तिकेबद्दल विचारलं की तो बहुधा हसतो आणि कार्डांबरोबर फुकट टाकतो. ती संधी घ्यावी, फक्त पाठवताना पुठ्ठ्यात सपाट बांधायला सांगावं.

चिनी गिऱ्हाइकासाठी चिनी विषय घ्यायचा हा प्रयोग कंपनीनं 2018 साली पुन्हा केला. च्यांग यांगगू आणि मू यानलिंग या दोन नव्या पात्रांचे दोन डेक, चिनी चित्रकारांच्या चित्रांसह, सरलीकृत चिनीत आणि इंग्रजीत. दरम्यान 2008 साली चीनमध्येच बनलेला ‘सानग्वोशा’ हा तीन राज्यांवरचा पत्त्यांचा खेळ तिथल्या तरुणांत घरोघरी पोचला होता. 2018 च्या त्या जोड-डेकचे चिनी डबे बरेचसे अखंड असावेत. त्यातली पुस्तिका अजून डब्यातच असण्याची शक्यता 1999 च्या मालापेक्षा कितीतरी जास्त.

मिश्र पाकिटाची जाहिरात उघडली की मी आता आधी भाव बघत नाही. फोटो मोठा करतो, एखादा घोडेस्वार शोधतो आणि त्याच्या पोटाखाली बघतो. मग फोटोच्या कोपऱ्यात घडी घातलेला कागद कुठे दिसतोय का ते.